काळ्या कडेची पत्रं

हिल्सबरोमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंनी घर विकून हॅमिल्टनला, भाच्याच्या जवळ, एका वृद्धनिवासात जायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी सगळ्या गल्लीला वाटण्या करून दिल्या. समोरच्या घराला कुंड्या मिळाल्या. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला, म्हणजे इथल्या किराणा दुकानदाराला, मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या मिळाल्या. त्याला त्या नको होत्या, पण बाईंना नाही म्हणणं कुणालाच जमत नसे. मला त्यांचे पणजोबा मिळाले.

पणजोबा एका लाकडी खोक्यात होते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ते इंग्लंडहून इकडे, दक्षिण गोलार्धात, आले. दिवसा जमिनीची मोजणी करायचे आणि रात्री परसातल्या शेडमधून आकाशाची. इंग्लंडातून जे तारे दिसतच नाहीत ते मोजण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. त्यांची धाकटी बहीण तिकडेच राहिली. हे इथून आकडे पाठवायचे, ती तिथे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांची गणितं करायची, चुका काढायची, स्वच्छ प्रत करून विद्वानांच्या मंडळाकडे धाडायची. ती वारल्यावर तिच्याकडची पत्रंही बोटीने इकडे परत आली. त्यामुळे दोन्ही बाजूंचा पत्रव्यवहार एकाच खोक्यात, फितीने बांधून, बाईंच्या कपाटात पडून होता.

"अडचण अशी आहे," बाई म्हणाल्या, "की संग्रहालयाला यातला फक्त खगोलशास्त्रज्ञ हवाय. भाऊ नको, बाप नको, नवरा नको."

"आणि उरलेली पत्रं?"

"भाचा म्हणतो, मी फोटो काढून ठेवतो. मी विचारलं, आणि कागद? तर म्हणाला, रिसायकलिंगच्या बिनमध्ये."

बाईंशी बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, मी इथे मराठीत लिहिते आहे. त्यांची इच्छा अगदी साधी होती. खोकं फुटू नये. आहे तसं, सगळंच्या सगळं, कुणीतरी ठेवून घ्यावं. पण संग्रहालयाच्या बाईंनी आधी दोन ढीग करून ठेवायला सांगितलं होतं. शास्त्राचा एक, घरगुती एक. घर रिकामं करायच्या आधी त्या येऊन शास्त्राचा ढीग घेऊन जाणार होत्या. शेजारीणबाईंची नजर आता मधोमध काहीच दिसत नाही अशी झाली होती. कडेकडेने अंधूक दिसायचं, पण वाचणं संपलं होतं.

"तू ढीग कर," त्या मला म्हणाल्या. "आणि ते कसे होत नाहीत ते मला सांग."

मी सॉफ्टवेअर कंपनीत प्रकल्पांची कामं सांभाळते. माझं पोटच ढीग करण्यावर चालतं. एका दुपारचं काम आहे असं म्हणून मी निळ्या झाकणाचा एक आणि लाल झाकणाचा एक असे दोन प्लास्टिकचे डबे विकत आणले आणि लॅपटॉप घेऊन शनिवारी बाईंच्या जेवणाच्या टेबलावर जाऊन बसले. पहिलं पत्र उघडलं.

अक्षर वाचताच येईना. तिरकं, बारीक, एकात एक गुंतलेलं. त्यात भर म्हणजे, पान भरलं की या माणसाने कागद आडवा फिरवला होता आणि लिहिलेल्या ओळींवरूनच पुन्हा नव्या ओळी लिहिल्या होत्या. टपालखर्च वजनावर असायचा, म्हणून त्या काळी असं करत, असं बाई म्हणाल्या. दिसायला ते सगळं कुंपणाच्या जाळीसारखं दिसत होतं.

तेव्हा मी सासूबाईंना आणलं.

सासूबाई पुण्याच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. टाकाने वळणदार अक्षर काढायला शिकलेली ती शेवटची पिढी. सासरे गेल्यावर आमच्याकडे राहायला आल्या त्याला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. इथे त्यांना करण्यासारखं काही नव्हतं, आणि आहे असं दाखवायची त्यांची तयारीही नव्हती. मी दिलेली पुस्तकं दोन दिवसांत वाचून परत करायच्या आणि म्हणायच्या, "बरं आहे. संपवायचं म्हणून संपवलं."

त्यांनी पत्र उजेडाकडे धरलं, आडवं केलं, पुन्हा उभं केलं.

"यात काय कठीण आहे? परीक्षेत पुरवणी मिळाली नाही की आमच्या मुली असंच लिहायच्या. उभं आधी वाचायचं, आडवं मग. डोळ्यांनी एकाच दिशेला बघायचं." आणि त्या मोठ्याने वाचायला लागल्या. वर्गात धडा वाचावा तसं, ठणठणीत.

बाई खुर्चीत ताठ बसल्या. "ही पुन्हा येईल ना?" त्यांनी मला विचारलं, सासूबाई समोर बसलेल्या असताना.

"येईन," सासूबाईंनी स्वतःच उत्तर दिलं. "पण चहा इतका फिका नको."

मग दर शनिवारी सकाळी आमचं तिघींचं बसणं सुरू झालं. सासूबाई वाचायच्या, मी टाइप करायची, आणि बाई मधूनमधून सांगायच्या की अमुक काकू म्हणजे कोण. फिक्या चहावरून दोघींचं दर वेळी वाजायचं. बाई म्हणायच्या, तुमचा तो चहा नव्हे, ती खीर. सासूबाई म्हणायच्या, तुमचं ते पाणी कप विसळल्याचं.

ढिगांचं काम मात्र पहिल्याच तासात फिसकटलं. उभ्या ओळींत जोडताऱ्यांचे कोन आणि अंतरं, आडव्या ओळींत बायकोचं बाळंतपण. बहिणीच्या पत्रात आधी दोन पानं गणिताच्या दुरुस्त्या आणि दादा, तुझे एक आणि सात सारखेच दिसतात म्हणून झाडणं, मग खाली, लोकरीचे मोजे पाठवले आहेत, पोचले का. एकाच कागदाचे दोन ढीग कसे करणार? मी तिसरा ढीग केला. तिसरा डबा नव्हता, म्हणून बाईंनी ओव्हनमधला मोठा ट्रे काढून दिला. निळ्यात चार पत्रं पडली, लालमध्ये सहा-सात, आणि ट्रे भरून वाहायला लागला.

एका शनिवारी कोळ्यावरून भांडण झालं. दुर्बिणीत ताऱ्यांमधलं अंतर मोजायला एक छोटं यंत्र लावायचे. त्यात अत्यंत बारीक धागा ताणून बसवावा लागायचा, आणि त्या काळी तो कोळ्याच्या जाळ्याचाच असे. पणजोबांची थोरली मुलगी, सात-आठ वर्षांची, हे काम करायची. परसात फिरून चांगला कोळी हेरायचा, काडीवर धागा गुंडाळून वडिलांना आणून द्यायचा. त्यांनी बहिणीला लिहिलं होतं की भोपळ्याच्या वेलावरचा कोळी सर्वांत सरळ धागा काढतो, हा तुझ्या भाचीचा शोध आहे, तो मंडळाला कळवावा की नाही ते तू ठरव.

"कोळी कुठे टाकू?" मी विचारलं. "निळं की लाल?"

"निळं," सासूबाई म्हणाल्या. "यंत्राचा भाग आहे तो."

"लाल!" बाई म्हणाल्या. "कोळी आणला कुणी?"

"आणला कुणी याला काय महत्त्व आहे? दुर्बीणसुद्धा कुणीतरी दुकानातूनच आणली असेल."

"दुकानदार त्यांची मुलगी नव्हता."

आमची लेक तेव्हा पोहायला जायच्या तयारीत, खांद्यावर टॉग्जची, म्हणजे पोहायच्या कपड्यांची, पिशवी टाकून, मला गाडीची किल्ली मागायला आली होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. ती म्हणाली, "आजी, जस्ट पुट द स्पायडर इन द ट्रे." तेच केलं.

काळ्या कडेचं पत्र त्याच्या पुढच्या खेपेला निघालं.

कागद जाडसर होता आणि चारी बाजूंनी बोटाएवढी काळी पट्टी छापलेली होती. मी ती बघितली, पण नक्षी असेल असं वाटून बोलले नाही. बाईंना ती दिसणं शक्य नव्हतं. सासूबाईंनी वाचायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या ओळीपासून त्यांचा वर्गातला आवाज गेला. नुसतं वाचणं उरलं. थोरली मुलगी घटसर्पाने गेली होती. ताप आला, घसा धरला, आणि रविवारी पहाटे गेली. बायकोची अवस्था काय आहे ते एका वाक्यात होतं. मग सासूबाईंनी कागद फिरवला आणि आडव्या ओळी वाचल्या. त्या आठवड्यात आकाश स्वच्छ होतं. त्यांनी रोज रात्री शेडमध्ये जाऊन मोजमापं घेतली होती. आकडे तिथेच लिहिले होते. यंत्रातला धागा तिनेच दिलेला आहे, अजून तुटलेला नाही, असं शेवटी लिहिलं होतं.

वाचून झालं. सासूबाईंनी कागद दोन्ही हातांत धरला आणि मधोमध उभा फाडला.

जुना कागद फाटताना नव्यापेक्षा मोठा आवाज होतो, हे मला तेव्हा कळलं.

"काय फाटलं?" बाईंनी विचारलं.

सासूबाई दोन हातांत दोन तुकडे धरून बसल्या होत्या. "अगं," त्या मला म्हणाल्या, "मी फाडलं का गं?"

"हो, आई."

मग मला बाईंना सांगावं लागलं. आमच्याकडे मयताचं पत्र आलं की वाचून तिथल्या तिथे फाडून टाकायची पद्धत होती. असं पत्र घरात ठेवत नाहीत. नेहमीच्या पत्रावर वर श्री लिहिलेला असतो, या पत्रावर नसतो, त्यामुळे उघडताक्षणी कळायचं. वाचायचं, फाडायचं, अंघोळीला जायचं. सासूबाईंच्या लहानपणापासून घरात जी जी अशी पत्रं आली त्या सगळ्यांचं हेच झालं होतं. ते काही विचार करून करायचं काम नव्हे. चटका बसला की हात मागे येतो, तसं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "वाचून पूर्ण झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी दमले आहे," त्या म्हणाल्या. "आज पुरे."

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी अंघोळ केली आणि मग जेवायला नाही म्हणाल्या. नवरा म्हणाला, "आई, होतं असं कधीकधी."

"असं होत नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरचा कागद आहे तो. त्या बाईने मला विश्वासाने दिला. आता ते म्युझियमवाले म्हणतील, बायकांच्या हातात दिलं की असंच होणार. शास्त्राचं तेवढं उचलतील आणि बाकीचं तिच्या भाच्याच्या बिनमध्ये. माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कशाला?"

"मग कुणामुळे? भोपळ्याच्या वेलामुळे?"

रागातसुद्धा त्यांच्या बोलण्याची धार जात नाही. पण आता आपण तिकडे पाऊल टाकणार नाही असं त्यांनी जाहीर केलं, आणि त्या बोलतात ते करतात. मी नवऱ्याकडे पाहिलं. सासरे गेले तेव्हा एकही पत्र आलं नव्हतं. सगळे निरोप फोनवर आले, हात जोडलेल्या चित्रांसकट. तेराव्याला सासूबाईंनी त्याला समोर बसवून ते एकेक करून पुसायला लावले होते. त्याला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. मला आता ते तसं वाटेना.

वाईट वाटत बसून कागद जुळत नाही. सोमवारी मी संग्रहालयात फोन केला आणि झालं ते सांगितलं. तिथल्या बाई आधी म्हणाल्या, सेलोटेप लावू नका, काहीही झालं तरी सेलोटेप लावू नका. तुकडे स्वच्छ कोऱ्या कागदात सपाट ठेवा. मग विचारलं, "हे झालं कसं?" मी तेही सांगितलं. "मी येते तेव्हा बघते," त्या म्हणाल्या. त्यात चांगलं होतं की वाईट, मला कळलं नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी शेजारच्या बाई आमच्या दारात उभ्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फिजोआंनी भरलेली पिशवी. एप्रिलमध्ये इथे ज्याच्याकडे फिजोआचं झाड असतं तो माणूस गल्लीला धोका असतो. एवढी फळं पडतात की ती खपवायला लोक दारोदार हिंडतात. पण बाई कधी आमच्या पायऱ्या चढून आल्या नव्हत्या. त्यांना त्या दिसतच नव्हत्या.

"किया ओरा," त्यांनी सासूबाईंना इथला माओरी नमस्कार केला. "मला राग आला होता. आता गेला. ही कापा, पिकली आहेत."

सासूबाईंनी सुरी आणली. दोघी स्वयंपाकघरात बसल्या आणि चमच्याने फिजोआ खायला लागल्या. मी पलीकडे काम करत होते, म्हणजे काम करत असल्यासारखी बसले होते.

"माझी आजी," बाई म्हणाल्या, "घरात कुणी गेलं की सगळी घड्याळं बंद करायची आणि आरशांवर चादरी टाकायची. आम्ही पोरं हसायचो. ती आजी म्हणजे त्या मुलीच्या धाकट्या भावाची बायको."

"बंद करून काय व्हायचं?"

"काही नाही. पुन्हा चालू करायला लागायची." बाईंनी चमचा ठेवला. "त्या बंडलात अजून काळ्या कडेची पत्रं आहेत. मला बोटांनी लागतात, कड जराशी उठलेली असते. ती मला कुणी वाचून दाखवली नाहीत. तू नाही वाचलीस तर आता राहिलंच."

सासूबाईंनी पुढचं फळ कापलं. "मी ती घरात वाचणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्याही नाही आणि आमच्याही नाही."

"मग कुठे?"

"बाहेर. अंगणात."

"वारा असतो."

"दगड ठेवू."

म्हणून शनिवारी आम्ही बाईंचं बागेतलं टेबल लिंबाच्या झाडाखाली ओढलं. काळ्या कडेची पत्रं तिथे, बाकीची आत. बागेच्या बांधावरचे ज्वालामुखीचे काळे, सच्छिद्र दगड मी धुऊन पुसून आणले. सासूबाई टेबलाशी बसण्याआधी मला म्हणाल्या, "माझ्या हातांवर लक्ष ठेव." त्यांनी तळहात टेबलावर उपडे ठेवले आणि मी पत्र त्यांच्यासमोर धरलं. पानं मीच उलटायची. वाचून झालं की बागेच्या नळावर हात धुवायचे, बाईंनीही, आणि मगच आत जायचं. बाईंनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. उलट एकदा मी तशीच आत निघाले तर त्यांनी काठी आडवी घातली. "नळ," त्या म्हणाल्या.

संग्रहालयाच्या बाई ठरल्यापेक्षा लवकर आल्या. त्या फाटकातून आत आल्या तेव्हा शंभराहून जास्त वर्षं जुनी पत्रं उघड्यावर, वाऱ्यात, ज्वालामुखीच्या दगडांखाली होती, वर लिंबाचं झाड आणि शेजारी पाण्याचा नळ. त्या माझ्याच वयाच्या, आखूड केसांच्या, नीटनेटक्या बाई. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मी हातातल्या पत्रासकट उठून उभी राहिले. सासूबाईंनी हात मांडीखाली घेतले.

"लवकर आलात," आमच्या शेजारीणबाई जागच्या न उठता म्हणाल्या. "बसा. चहा दोन प्रकारचा आहे."

त्यांचा आधीच सगळा बेत ठरला होता. मला आतून कोऱ्या कागदातले ते दोन तुकडे आणायला सांगितलं. डावा तुकडा त्यांनी टेबलाच्या एका टोकाला ठेवायला लावला, उजवा दुसऱ्या टोकाला, आणि दोन्हींवर स्वतः हात ठेवून पाहिलं, बरोबर आहेत ना म्हणून.

"तुम्हाला यातलं फक्त शास्त्र हवंय," त्या म्हणाल्या. "घ्या. कुठला अर्धा हवा?"

संग्रहालयाच्या बाईंनी डावा तुकडा वाचला. उठून जाऊन उजवा वाचला. डावीकडे ताऱ्याचा कोन अर्धा तुटलेला होता आणि त्याच आडव्या ओळींत पुढे तो न तुटलेला धागा. उजवीकडे उरलेला कोन, आणि ताप, घसा, रविवार. मी अशा गोष्टींत अर्थ शोधणारी बाई नाही. कागद फाटतो तो कसाही फाटतो. पण शेजारीणबाईंना त्याचा उपयोग करायला अजिबात संकोच वाटला नाही.

"हे बरोबर नाही," संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या, पण हसल्या. मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. जागेचा प्रश्न नव्हताच. घरगुती पत्रं घेतली तर ती वाचून, कशात काय आहे याची नोंद करून ठेवावी लागते. नाहीतर ती असून नसल्यासारखी. आणि हे आडवं-उभं वाचायला त्यांच्याकडे माणूस नव्हतं. आमची टाइप केलेली पानं त्यांनी चाळली. ट्रे बघितला. "सगळं खोकं असंच पूर्ण होणार असेल," त्या म्हणाल्या, "तर मी सगळं घेते. वरिष्ठांना मी सांगीन. पण पूर्ण झालं पाहिजे. अर्धवट सोडणार असाल तर आत्ताच सांगा, मी निळा डबा घेऊन जाते."

शेजारीणबाई हॅमिल्टनला चालल्या होत्या. मला अक्षर वाचता येत नव्हतं. सगळं एकाच माणसावर येऊन थांबलं होतं आणि ते माणूस स्वतःच्या हातांवर बसलं होतं.

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "फाडलं ते मीच."

"माहीत आहे," संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या. "मूळ पत्रं मी तुमच्या हातात देणारच नाही. ती आज माझ्याबरोबर येतील. तुम्हाला प्रती पाठवीन. त्यांचं तुम्ही काहीही करा."

सासूबाईंनी हात मांडीखालून काढले. "काहीही?"

"काहीही."

"मग करते," त्या म्हणाल्या. आणि लगेच पुढे, "पण स्वच्छ छापून पाठवा. अंधूक प्रती मी तपासत नाही."

शेजारीणबाई जूनमध्ये घर सोडून गेल्या. त्यांना सोडायला आम्हीच गाडीने हॅमिल्टनला गेलो, कारण भाच्याला त्या दिवशी काम निघालं. त्यांच्या नव्या खोलीत एक खिडकी, एक खुर्ची, आणि ओव्हनच नसलेलं स्वयंपाकघर. ट्रे त्यांनी मला देऊन टाकला. परतताना सासूबाई मागच्या सीटवर तो मांडीवर घेऊन बसल्या. रिकामाच होता.

आता शनिवारी सकाळी मी संग्रहालयाकडून आलेल्या प्रती ट्रेमध्ये ठेवते. फोन स्पीकरवर लावते. बाई हॅमिल्टनहून ऐकतात आणि मध्येच सांगतात, ही काकू ती नव्हे. काळ्या कडेचं पत्र आलं की सासूबाई माझं पफर जॅकेट घालून, खुर्ची घेऊन मागच्या ओट्यावर जातात, तिथे वाचतात, आणि वाचून झालं की मनापासून फाडतात. आधी उभं, मग आडवं. फोनवर बाईंना तो आवाज जातो. त्या म्हणतात, "हं," आणि आम्ही पुढच्या पत्राकडे वळतो. माझी लेक एकदा दारात उभी राहून ऐकत होती. "दॅट्स हीप्स सॅड," ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, म्हणजे फारच वाईट, आणि आजीला आत जाऊन शाल आणून दिली.

फाटलेलं मूळ पत्र संग्रहालयाने पातळ जपानी कागदाची पट्टी लावून जोडलं. त्याचा फोटो त्यांनी पाठवला. जोड दिसतो. मी तो मोठा करून सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "रेघ सरळ आली होती."

मागच्या शनिवारी बहिणीचं एक पत्र निघालं. साधा कागद, कड नाही. सुरुवातीला तीन जोडताऱ्यांच्या दुरुस्त्या, नेहमीसारखं एक आणि सातावरून बोलणं. मग आडव्या ओळी. तिने भाचीसाठी हिरव्या लोकरीचा झगा कापायला घेतला होता, खांद्याचं माप हवं होतं, आणि मुलगी उंच होते आहे की आडवी तेही कळवायला सांगितलं होतं. तारीख मी पत्रांच्या क्रमात पाहिली. मुलगी जाऊन तेव्हा बरेच आठवडे झाले होते. तिच्या वडिलांचं काळ्या कडेचं पत्र अजून बोटीतच होतं.

सासूबाई वाचता वाचता थांबल्या नाहीत. शेवटपर्यंत वाचलं. मग उठून जॅकेट घातलं.

"आई, याला काळी कड नाही," मी म्हटलं.

"दिसतंय मला." त्या खुर्ची न घेताच ओट्यावर गेल्या. कागद हातात धरून जरा वेळ उभ्या राहिल्या. मी फोन घेऊन दारात गेले. त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली, आणि आत आल्या.

"आवाज नाही आला," बाई फोनवरून म्हणाल्या.

"नाही फाडलं," सासूबाई म्हणाल्या.

"का?"

"यात ती अजून आहे ना. झग्याचं माप द्यायचंय तिचं." त्यांनी घडी ट्रेमध्ये ठेवली आणि नळाकडे न जाता सरळ आपल्या जागेवर येऊन बसल्या. "हे घरात ठेवायचं. चल, पुढचं घे."